अक्षर मोठं घाल

“शॉर्ट म्हंजी? पैशे संपलं म्हणून आखूड केलास व्हय शिनेमा?”

जगन्नाथनानांनी हे इतक्या काळजीनं विचारलं की मला हसताही येईना. दुपारची लाइट गेली होती. देवळाच्या सभामंडपात आम्ही दोघंच होतो आणि नाना उपरण्यानं वारा घेत होते. नाना जत्रा कमिटीचे अध्यक्ष. वरंगळला त्यांचं गलाईचं दुकान आहे, म्हणजे सोनारांकडचा केरकचरा आणि मोडीचे तुकडे वितळवून त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं. आमच्या विट्याच्या बाजूची निम्मी माणसं याच धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. मी त्यावरच फिल्म केली होती, ‘मूस’ नावाची. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. नानांना वाटलं होतं, मी भांड्यांची जाहिरात केलीय.

“नाही हो नाना, ती सोळा मिनिटांचीच असते.”

“सोळा मिनटात काय व्हतंय? नावं यायलाच धा मिनटं जात्यात.” त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. “आन पैशे कशाला लागत्यात आता? झाला न्हवं तयार?”

“महोत्सवात पाठवायची तर प्रत्येक ठिकाणी प्रवेश फी असते. परदेशातल्यांची डॉलरमध्ये.”

“म्हंजी आपला शिनेमा, आन त्येंनी बघावा म्हणून आपणच पैशे द्यायचं?”

तसंच होतं ते. मी मान हलवली.

“देवळाला दिलं तर देव हाय. शाळंला दिलं तर पोरं हायत. तुझ्या शिनेमाला दिलं तर कोण हाय, सांग बघू?”

मी वर बघितलं. पंखा बंद असल्यामुळं पात्यांवरची लाल अक्षरं सरळ वाचता येत होती. ‘कै. गोदाबाई रंगराव साळुंखे यांच्या स्मरणार्थ.’ तिन्ही पात्यांवर तेच. गोदाबाई म्हणजे नानांच्या आई. आमच्या गावात सगळ्यावरच असं लिहिलेलं असतं. एसटीच्या थांब्यावरचं बाकडं, शाळेतलं घड्याळ, स्मशानातली पत्र्याची शेड, सगळं कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ आहे. पाण्याच्या टाकीची तोटी बदलली तरी तिच्यावर कुणाच्या तरी चुलत्याचं नाव येतं.

“नाना,” मी म्हणाले, “पंखा इथल्या इथंच फिरतो. फिल्म जगभर फिरणार. शेवटी पडद्यावर पाच सेकंद आईंचं नाव येईल. कै. गोदाबाई. फ्रान्समधली माणसं वाचतील.”

नाना सरळ होऊन बसले.

“पाचच सेकंद?”

“सात करते.”

“फोटू येतोय का?”

फोटो येत नव्हता, पण नाव खाली इंग्रजीतही लिहायचं ठरलं आणि नानांनी दोन हजार काढून दिले. माझी स्मरणार्थ योजना अशी सुरू झाली.

त्या वर्षी मी गावात एकटीच राहत होते. वडील, आई, भाऊ सगळे मदुराईला दुकानावर. आमच्या गावात घरं मोठी आणि माणसं थोडी. गलाईच्या पैशातून बांधलेले दोन-दोन मजले, पुढं ग्रॅनाइटच्या पायऱ्या आणि दाराला कुलूप. आमचंही तसलंच. आठ खोल्यांपैकी एका खोलीत माझी गादी, लॅपटॉप आणि गॅसची शेगडी. कॅमेरा करणारा माझा मित्र किरण पहिले तीन महिने होता. मग त्याला पुण्यात मालिकेचं काम लागलं आणि जाताना तो म्हणाला, “रोहिणी, एडिट झालं की पाठव, बघतो.” पाठवलं, त्यानं उत्तरादाखल नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला. आई रोज फोनवर एकच विचारायची, कधी येतीस. माझ्याशी दिवसभरात बोलणारं दुसरं कुणी नसायचं. खोटं कशाला सांगू, पैसे मागायचं निमित्त मला आवडायला लागलं होतं, कारण त्या निमित्तानं माणसांशी बोलायला मिळायचं.

मी कमिटीच्या वर्गणीच्या वहीतले नंबर काढून फोन लावत सुटले. सेलम, कोइमतूर, कानपूर, राजकोट, जिथं जिथं आमच्या गावचं दुकान तिथं तिथं. “मी सर्जेराव बाबरांची रोहिणी,” म्हटलं की पलीकडून आधी गावच्या पावसाची चौकशी व्हायची, मग माझ्या लग्नाची, मग हळूच आपापल्या मेलेल्या माणसाचं नाव यायचं. नाव सांगताना बहुतेकांचा आवाज बदलायचा. सेलमच्या एका काकांनी तर सांगितलेलं नाव मला दोनदा परत वाचून दाखवायला लावलं. महिन्याभरात वीस नावं जमली.

एकविसावं नाव शालनआक्काचं. तिचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं.

शालनआक्का आमच्या घरामागं राहायची. फिल्ममधली बाई तिनंच केली होती. सांगलीहून येणारी नटी पहिल्याच दिवशी आली नाही, तेव्हा चहा द्यायला आलेल्या आक्काला मी म्हटलं, तूच बस. तिनं विचारलं, “काय करायचं?” मी म्हटलं, “काही नाही. नवरा गलाईला गेलाय, तू घरात आहेस.” ती म्हणाली, “मग तर येतंय मला.” तिचा नवरा कोइमतूरच्या दुकानात कामाला होता. दुसरं दुकान बघून येतो म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी निघाला, तो ना तिकडं पोचला ना इकडं आला. मूलबाळ नव्हतं. सासरचे म्हणायचे, हिच्या तोंडाला कंटाळून गेला, आणि तिच्याकडं कुणी फिरकायचं नाही. चार शेळ्यांवर ती जगत होती.

एके दिवशी सकाळी ती पदराखाली काहीतरी धरून आली.

“तू समद्यांची नावं घालतीयास म्हणं शिनेमात?”

“हो, पण आक्का, ती गेलेल्या माणसांची आहेत.”

“ठावं हाय. आमचं मालक गेल्यालं न्हाईत. त्येंचं नुसतं नाव घाल. फुडं काय नगो, मागं काय नगो.” तिनं पदराखालून रेशनकार्ड काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेत नसे. हणमंत तुकाराम निकम. मी ते कार्डावरून उतरवून घेतलं.

“त्येंना शिनेमाचं लई याड,” ती म्हणाली. “तिकडं तमिळ शिनेमं बघायचे. एक अक्षर कळायचं न्हाई, तरी दर सुट्टीला जायचे. कुठं असतील तर बघतील.”

“पण आक्का, तू स्वतःच आहेस की पडद्यावर. तुला बघून ओळखतील.”

“मला कुठलं वळकत्यात आता? म्हातारी झाले. नाव मातूर वळकतील.” मग तिनं मला रोखून विचारलं, “कोइमतूरला जाणार न्हवं?”

तिकडं एक महोत्सव होता खरा, पण चेन्नईत, आणि तिथं पाठवायचं मी ठरवलंही नव्हतं. “जाईल की,” मी म्हणाले.

तिनं माझ्या हातात सहा हजार ठेवले. एक शेळी विकली होती. मी म्हटलं, एका नावाचे दोन हजारच आहेत, आणि तुझ्याकडून तेही नकोत. ती ऐकेना. “दोघांचं जास्तीचं दिलंय तर अक्षर मोठं घाल,” ती म्हणाली. “डोळं गेलं असतील त्येंचं.”

मी अक्षर मोठं घातलं. बाकीची नावं सात सेकंद होती, तिचं पंधरा ठेवलं, आणि सगळ्यात शेवटी ठेवलं, म्हणजे त्यानंतर दुसरं काही येऊन ते पुसणार नाही. काम करताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं हेही कबूल करते. कितीतरी दिवसांनी मी कुणासाठी तरी काही करत होते.

चूक कशी झाली ते सांगायला फार सोपं आहे. पहिली पाटी नानांच्या आईची केली आणि मग तिचीच नक्कल काढून नाव बदलत गेले. वीस नावं अशी झाली, एकविसावंही तसंच केलं. खालचं ‘यांच्या स्मरणार्थ’ आठवणीनं पुसलं. नावाच्या डावीकडचं ‘कै.’ वेगळं होतं. ते तिथंच राहिलं, आणि अक्षर मोठं केलं तेव्हा तेही मोठं झालं.

मला ते दिसलं नाही. वीस ‘कै.’ बघितल्यावर एकविसावं कुणाला दिसतं?

जत्रेला सगळी दुकानं बंद करून माणसं गावाला आली. पैसे दिलेल्यांना नावं बघायची होती, म्हणून जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये फिल्म लावायची ठरली. खिडक्यांवर घोंगडी आणि सतरंज्या टांगल्या. गर्दी झाली. पुढच्या रांगेत दोनच खुर्च्या, एक नानांना आणि एक शालनआक्काला, कारण ती हिरॉइन. आक्का खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. पडद्यावर ती शेळीची धार काढताना दिसली तेव्हा बायका खिदळल्या आणि ती पदर तोंडाला लावून वाकली. पण हळूहळू हॉल गप्प होत गेला. फिल्ममध्ये ती दिवसभर घरात वावरते, संध्याकाळी दारात येऊन बसते, एवढंच आहे. आमच्या गावातल्या बायांना त्यातलं वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

फिल्म संपली तसे नाना उभे राहिले आणि नावांच्या आधीच त्यांनी जाहीर करून टाकलं, “पोरीनं गावाचं नाव काढलं. त्या भायेरदेशातल्या मोठ्या म्होत्सवाची जी काय फी आसंल, ती कमिटी देईल.” टाळ्या झाल्या. जमलेले पैसे बाकीच्या महोत्सवांच्या फीतच संपणार होते, आणि या मोठ्या महोत्सवाची मुदत दोन दिवसांवर आली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग नावं सुरू झाली. आपल्या माणसाचं नाव आलं की त्या घरची माणसं बसल्या जागी हात जोडायची. एक नाव, सात सेकंद, हात. परत दुसरं नाव. मी मागं लॅपटॉपपाशी उभी होते आणि इतकी खूश होते की शेवटची पाटी आली तरी मला काही कळलं नाही. हॉल एकदम गप्प झाला तेव्हा मी वाचलं.

कै. हणमंत तुकाराम निकम.

पडदाभर अक्षरं. पंधरा सेकंद. शालनआक्का खुर्चीतून उठली आणि पडद्याजवळ गेली. ती चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचणारी. आधी तिनं नाव वाचलं. मग तिची मान डावीकडं, सुरुवातीच्या अक्षराकडं वळली. मग बाकीच्यांनी जोडले होते तसे तिनंही हात जोडले.

अंधारात कुणीतरी म्हणालं, “हणमा गेला?” एका बाईनं रडायला सुरुवात केली. नाना घाईघाईनं माझ्याकडं आले. “अगं, आधी सांगायचं न्हाईस का पोरी? असं पडद्यावर? कवा कळलं तुला? सेलमवाल्यानं सांगितलं का फोनवर?”

माझे फोन सगळ्या गावाला माहीत होते. सगळ्यांना वाटलं, त्यातल्याच कुणीतरी मला ही बातमी दिली. मी तोंड उघडलं होतं. पण सगळा हॉल मागं वळून माझ्याकडं बघत होता, प्रत्येकाच्या घरचं एकेक माणूस मी पडद्यावर लिहिलं होतं, आणि नानांच्या हातात कमिटीचं चेकबुक होतं. नक्कल मारताना राहून गेलं, हे मला त्या सगळ्यांसमोर म्हणता आलं नाही. आत्ता नको, आक्काला एकटीला गाठून सांगू, असं मी ठरवलं आणि मान हलवली. हो म्हणून हलवली. बायका आक्काला धरून घेऊन गेल्या.

त्याच संध्याकाळी मी ते ‘कै.’ काढलं. दोन सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी कमिटीच्या पैशातून मोठ्या महोत्सवाची फी भरली, चेन्नईचीही भरली आणि दुरुस्त केलेली फिल्म पाठवून दिली.

पुढचं आधी सांगून टाकते. परदेशातल्या महोत्सवाकडून तीन महिन्यांनी दोन ओळींचा नकार आला. चेन्नईला फिल्म निवडली गेली. तोवर मी आईवडिलांकडं मदुराईला राहायला गेले होते, तिथून बसनं गेले. सकाळच्या खेळाला हॉलमध्ये अकरा माणसं होती, त्यातली चार आपापल्या फिल्मसाठी आलेली. शेवटचं नाव आलं, मोठ्या अक्षरात, नुसतं नाव, पुढं काही नाही. मी पडद्याकडं बघितलंच नाही. पंधरा सेकंद मागं वळून माणसं बघत होते. एक साठीचा माणूस शेवटच्या रांगेत बसला होता. मी त्याच्याकडं बघत राहिले, तर तो फोन काढून तमिळमध्ये कुणावर तरी ओरडायला लागला. दिवे लागल्यावर एका मुलीनं मला विचारलं, हा माणूस कोण? मी म्हटलं, देणगीदार.

पण ते नंतरचं. आक्काकडं मी हॉलमधल्या त्या दुपारनंतर चौथ्या दिवशी गेले. तीन दिवस घराच्या मागच्या खिडकीतून तिच्या दारातली गर्दी बघत होते आणि गर्दी कमी होऊ दे म्हणत होते. ती होईना. शेवटी तशीच गेले.

तिच्या घरात एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती. तिचा भाऊ कवठ्याहून आला होता. एकोणीस वर्षांत उंबरा न चढलेली तिची जाऊ आत चहा करत होती, आणि दीर ओसरीवर बसून दहाव्याचं बोलत होता. आक्का मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं होतं. मला वाटलं होतं ती खचलेली असेल. ती तशी नव्हती. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता, आणि मला बघून ती थोडी हसली.

“ये. बस हितं.” तिनं मला जवळ ओढलं. “तू येत का न्हाईस म्हणत हुते. तुला वाटलं आसंल आक्का कावली. न्हाई गं बाई. कुणीतरी सांगाय पायजेच हुतं.”

“आक्का...”

“तीन दिस झोपतीया नुसती. दाराला कडी लावून. एवढ्या वर्सांत कडी लावली न्हवती बघ मी, रातच्याला आले आन ठोठावलं आन मला जाग न्हाई आली तर?” ती जराशानं खालच्या आवाजात म्हणाली, “एक सांग. सेलमवाला काय बोलला? कसं गेले?”

मी आत चहा करणाऱ्या जावेकडं बघितलं.

“लई हाल झालं का?”

मी नाही म्हणून मान हलवली. ते माझं मलाच कळलं नाही.

“एकटंच हुते का कोण जवळ हुतं?” तिनं माझा हात धरला. “खरं सांग. दुसरं घर केलं आसंल तर केलं आसू दे, मी काय म्हणत न्हाई. समद्या वर्सांत मी देवाकडं एकच मागितलं, एकटं नसावं. मला ठावं हाय एकटं म्हंजी काय.”

एक वाक्य बोलायचं होतं. ‘जवळ माणसं होती, आक्का, झोपेत गेले.’ तेवढं मला सहज रचता आलं असतं, मी फिल्म करणारी बाई. आज सात वर्षांनी मी ते वाक्य रोज रचते. पण त्या दिवशी मला वाटलं, आधीच दोनदा मी मान हलवून खोटं बोललेय, आता तिसऱ्यांदा नको, हिला खरं सांगायला हवं. खरं सांगितलं की मी सुटेन, असंही वाटलं. ते जास्त होतं.

“आक्का, मला कुणी काही सांगितलं नाही,” मी म्हणाले. “सेलमवाल्यांनी नाही, कुणीच नाही. ती चूक होती. माझी, छापताना झालेली. मी ते काढलंय आता. मालक गेल्याची काही बातमी नाही.”

माझा हात तिनं सोडला नव्हता. मला वाटलं ती मला शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या.

“बातमी न्हाई?”

“नाही.”

“म्हंजी असतील?”

“असतील. माहीत नाही.”

तिनं दाराबाहेर बघितलं. ओसरीवर भाऊ होता, दीर होता, शेजारच्या दोघी होत्या. मग ती माझ्याकडं वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता, तीन दिवसांपूर्वीचा, परत आलेला.

“म्हंजी आता परत वाट बघायची व्हय गं?”

आतून जावेनं चहा झाल्याची हाक दिली. आक्का हलली नाही. उत्तर घेतल्याशिवाय ती उठणार नव्हती. मी हो म्हणाले.